घरातल्यांच्या वेळा बदलतायत, गुंडूचं काय करावं?

मोगरा

बरेच दिवस वाचनमात्र होते, आज गरजेपोटी धागा काढतेय. आधी असा धागा येऊन गेला असेल तर लिंक द्या. मी शोधलं, पण कुत्र्यांच्या नावांचाच धागा सारखा वर येत राहिला.

तर आमचा गुंडू. वय तीन वर्षं, आकार मध्यम, आवाज अवाढव्य. पिल्लू होता तेव्हापासून घरात कोणी ना कोणी असतंच. मी घरून काम करायचे, सासूबाई दिवसभर घरी, नवऱ्याची ड्यूटी ठरलेली. घर पूर्ण रिकामं आणि गुंडू एकटा, असं जवळजवळ कधी झालंच नाही. पुढच्या महिन्यापासून सगळंच बदलतंय. मला रोज ऑफिसला जावं लागणार, सासूबाई काही महिन्यांसाठी दिरांकडे राहायला चालल्यात आणि नवऱ्याला फिरती शिफ्ट लागलीये: एक आठवडा सकाळ, एक दुपार, एक रात्र. काही दिवस गुंडूला सलग सहा-सात तास एकट्याने काढावे लागतील.

गेल्या रविवारी आम्ही सगळे एकदम बाहेर पडलो होतो. परत आलो तर दाराच्या चौकटीला खालच्या बाजूने ओरखडे, पायपुसण्याच्या चिंध्या, आणि शेजारच्या काकूंनी सांगितलं की बराच वेळ रडत होता. नवरा म्हणतो, राग काढलाय. मला तो राग वाटत नाही.

दुसरा प्रश्न जेवणाचा. संध्याकाळची वेळ सातची. साडेसहा वाजले की महाशय वाडग्यापाशी हजर. ती वेळ आता नऊ-साडेनऊवर जाणार. एकदम न्यावी की हळूहळू? फिरण्याच्या वेळा तर दर आठवड्याला वेगळ्या होतील. कोणी या सगळ्यातून गेलंय का?

शेपूटवाला

सल्ले नंतर, आधी कॅमेरा. खास विकत घ्यायची गरज नाही, जुन्या फोनवर व्हिडिओ कॉल लावून तो कपाटावर टेकवून ठेवला तरी काम होतं. बाहेर पडा आणि बघा.

पहिला अर्धा तास महत्त्वाचा. एकटेपणाची खरी भीती असलेलं कुत्रं बहुधा दार लागल्यावर काही मिनिटांतच सुरू होतं: येरझाऱ्या, धापा, लाळ गळणं, विव्हळणं, दार खरवडणं, बाहेर जायची सवय असूनही घरातच शू-शी होणं. कंटाळलेलं कुत्रं आधी निवांत झोप काढतं, मग उठून उशी फाडतं, चपला पळवतं, कचऱ्याचा डबा आडवा करतं. दोन्हींचे उपाय वेगळे. नासधूस दारा-खिडकीपाशीच असेल तर ती बाहेर पडायची धडपड असते, म्हणून माझा कल पहिल्याकडे जातोय. पण बघितल्याशिवाय ठरवू नका. काही कुत्री नुसती जिन्यातल्या पावलांना भुंकत बसतात, तो तिसराच प्रकार.

अजून एक खूण. जाताना त्याच्या आवडीचा खाऊ ठेवून जा. परत येईपर्यंत त्याला तोंडही लावलं नसेल आणि तुम्ही आत आल्याबरोबर त्याने तो फस्त केला, तर 'भूक नसेल' म्हणून सोडून देऊ नका. घाबरलेल्या कुत्र्याला घास जात नाही.

कडूनिंब

एवढं काही नसतं हो. सकाळी तासभर पळवा, दमला की झोपतो. दोन-चार दिवस रडेल, मग बरोबर सवय होईल. आमच्या आधीच्या दोघांना कोणी कॅमेरे लावले नव्हते. आणि घरी आल्यावर त्या ओरखड्यांपाशी नेऊन चांगलं रागवा. त्याला बरोबर कळतं. मान खाली घालून बसतो की नाही बघा.

आळशी_मांजर

म्हणून मांजर पाळावं. तुम्ही ऑफिसला गेला होतात हे तिला संध्याकाळी कळतं.

बाकी चालू द्या, वाचतेय.

रातराणी

कडूनिंब, दमवण्याचं अर्धं पटतं, बाकीचं अजिबात नाही.

आधी ते 'बरोबर कळतं'. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ साली नेमका याचाच प्रयोग केला होता. खाऊ समोर ठेवायचा, मालकाने 'नाही' म्हणायचं आणि खोलीबाहेर जायचं. मागे कुत्र्याने तो कधी खाल्ला, कधी नाही खाल्ला. पण परत आलेल्या मालकाला दरवेळी खरं सांगितलं जायचंच असं नाही. अपराधी चेहरा दिसला तो मालक रागावला तेव्हा. खाऊ खरंच खाल्ला होता का, याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. उलट काहीच न करता बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांचा चेहरा जास्त पडलेला होता. म्हणजे मान खाली जाते ती आपल्या आवाजाने. कित्येक तासांपूर्वीच्या ओरखड्यांशी ते बोलणं तो जोडत नाही. जोडतो ते तुमच्या घरी येण्याशी. एकटं राहण्याची भीती होतीच, आता तुम्ही परत येण्याचीही बसते.

आणि 'दोन-चार दिवस रडेल' म्हणाल तर जे नुसतं कुरकुरतंय त्याचं होईलही तसं. जे घाबरलंय त्याची भीती दर खेपेला पक्की होत जाते. रडून रडून दमून गप्प पडला, म्हणजे शांत झाला असं नाही.

मोगरा, मी नर्स आहे, तिन्ही शिफ्ट करते आणि एकटीच राहते. चिकू माझ्याकडे आली तेव्हा मलाही लोकांनी सांगितलं होतं की कुत्र्याला घड्याळ लागतं, शिफ्टवाल्यांनी कुत्रं पाळूच नये. माझं मत असं झालंय की घड्याळ सांभाळता येत नसेल तर क्रम सांभाळावा. किती वाजले याच्यापेक्षा 'आता यानंतर काय' हे ठाऊक असणं कुत्र्याला जास्त धीर देतं.

मी पहाटे निघो, दुपारी की रात्री, निघण्याआधीची साखळी तीच. फिरून येणं, दाराशी पाय पुसणं, तिचं जेवण, माझी अंघोळ. मग तिची चटई बाहेरच्या खोलीतून उचलून आत ठेवायची, पडदा ओढायचा, चटईवर थोडे दाणे विखरायचे, 'येते गं' म्हणायचं आणि बाहेर. पडद्याच्या कड्या दांडीवर सरकल्याचा आवाज आला की चिकू स्वतःच चटईकडे निघते, बाहेर ऊन असो की काळोख. परत आल्यावरचंही ठरलेलं: बॅग, हातपाय धुणं, मग लगेच तिचा पट्टा. नाईट करून आल्यावर कधी मी तशीच आडवी झाले तर बाईसाहेब उशीशेजारी उभ्या राहून माझ्या कानात मोठ्याने उसासे टाकतात. भुंकत नाही. नुसते उसासे.

तुमच्याकडे दोन माणसं आहेत, तेव्हा क्रम दोघांचाही तोच हवा. नवऱ्याने एक आणि तुम्ही दुसराच चालवला तर उपयोग नाही. लिहून फ्रिजवर चिकटवा.

दोनपावली

क्रमाला +१. पण पोटाला क्रम कळत नाही, त्याला वेळच कळते.

ठरलेल्या वेळी जेवणाऱ्या प्राण्याचं शरीर त्या वेळेच्या आधीच तयारीला लागतं. पाव्हलॉव्ह यांना १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनक्रियेवरच्या कामासाठी, कुत्र्यांच्या लाळेची प्रसिद्ध गोष्ट त्यातूनच निघाली. गुंडू साडेसहाला वाडग्यापाशी येतो तो काही हट्ट नाही. त्यामुळे एकदम अडीच तास ढकलू नका. रोज किंवा एका दिवसाआड पंधरा-पंधरा मिनिटं पुढे. हिशोब केलात तर दहा टप्पे होतात, म्हणजे सुरुवात आत्ताच करायला हवी, पुढच्या महिन्यात नाही. सकाळचं जेवणही थोडं पुढे सरकवा, नाहीतर मधलं अंतर फार वाढतं. पोट खूप वेळ रिकामं राहिलं की काही कुत्री पिवळा फेस ओकतात, बहुतेक पहाटे. तसं दिसलं तर रोजच्याच जेवणातला एक छोटा वाटा बाजूला काढून अधल्यामधल्या वेळी द्या. आणि वारंवार ओकायला लागला तर डॉक्टरकडे.

तो वाडग्यापाशी उभा असताना जेवण वाढू नका. काहीतरी दुसरं करायला लावा, चटईवर बसव, खोलीत एक फेरी मार, आणि मग वाढा. नाहीतर उभं राहिल्यामुळे जेवण येतं हे तो शिकतो आणि उद्या सहापासून उभा राहतो.

थोडं विषयांतर, पण लिहितोच. ज्यांच्या वेळा अजून बदललेल्या नाहीत त्यांनी काट्यावर जेवण देण्याची सवयच लावू नये असं माझं ठाम मत आहे. तास-दीड तासाचा पट्टा ठेवावा. आज सातला, उद्या पावणेआठला. मग पुढे बदल झाला तरी कुत्र्याचं आणि माणसाचं फारसं अडत नाही.

मोगरा

सगळ्यांचे मनापासून आभार. आज शेपूटवाला म्हणाले तसा फोन लावून खाली गाडीत बसून बघितलं.

दार लावल्यावर आधी त्याने दाराखालच्या फटीला नाक लावलं. बराच वेळ हुंगत राहिला. मग माझ्या कामाच्या खुर्चीपाशी गेला, पुढचे दोन्ही पाय सीटवर ठेवून बघितलं, परत दाराशी. खुर्ची-दार, खुर्ची-दार. जीभ बाहेर, धाप लागलेली, आणि पंखा तर चालू होता. मग बारीक रडणं आणि थोड्याच वेळात चौकटीवर पंजा. खाऊ तसाच पडून. मला पुढे बघवेना, वर गेले. मी आत आल्यावर खाऊ संपवायला त्याला मिनिटही लागलं नाही.

म्हणजे शेपूटवाल्यांचा पहिला प्रकार. आता?

उंबरठा

वर्तनाची थोडीफार कामं मी करते, पण इथे सदस्य म्हणूनच लिहितेय. मोठा प्रतिसाद होणार आहे.

पहिली गोष्ट सगळ्यात अवघड आहे, म्हणून आधीच सांगते. सराव चालू असताना त्याला झेपेल त्याहून जास्त वेळ एकटं ठेवायचं नाही. रोज संध्याकाळी दहा मिनिटं सराव आणि दुपारी सहा तास घबराट, असं चाललं तर तो सहा तासांचंच शिकेल. तेव्हा पुढच्या महिन्याची सोय लावायला घ्या, त्याबद्दल इतर लोक लिहितीलच.

मग निघण्याच्या खुणा. गुंडूसाठी तुम्ही दार लावता तेव्हा जात नाही, त्याच्या कितीतरी आधी गेलेल्या असता. किल्ल्यांचा आवाज, बूट, बॅगेची चेन. या खुणा फुसक्या करून टाका. किल्ल्या उचला आणि सोफ्यावर बसून पेपर वाचा. बूट घाला आणि भांडी लावा. दिवसातून अधूनमधून, सहज, त्याच्याकडे न बघता. किल्ल्या वाजल्यावर त्याने मान वर करणंही सोडलं की ती खूण मेली. रातराणीचा क्रम छानच आहे, पण तो चिकूसाठी शांततेची खूण झालाय, कारण चिकूला त्यानंतर कधी घाबरावं लागलेलं नाही. गुंडूला आत्ताच क्रम लावलात तर तोच क्रम भीतीची नांदी होईल. आधी एकटं राहणं जमू दे, मग त्याला क्रम जोडा.

मग दार. उठून दारापर्यंत जा, परत या. कडीला हात लावा, परत या. दार उघडा, लावा. बाहेर पाऊल टाका, लगेच आत. तो कितपत शांत राहतो ते कॅमेऱ्यात बघा. वीस सेकंदांनी कान ताठ होत असतील तर तुमची सुरुवात वीसच्या आतून. इथे बहुतेक लोक रोज थोडं थोडं वाढवत जातात आणि अडकतात. दर वेळी आधीपेक्षा जास्तच होत गेलं तर कुत्र्यालाही ते कळतं. पंधरा सेकंद, तीस, पाच, चाळीस, दहा, असं वरखाली ठेवा. सगळ्यात जास्त वेळ लागतो तो पहिल्या अर्ध्या-पाऊण तासापर्यंत पोचायला. त्यानंतरच्या उड्या मोठ्या घेता येतात. दिवसातून एकदाच, आटोपशीर, आणि आठवड्यातून एखाद-दोन दिवस सुट्टी.

सरावात खाऊ वापरू नका असं मी सांगते, यावर मतभेद आहेत. माझं म्हणणं इतकंच की खाऊ असेपर्यंत तो खातो आणि संपल्यावर त्याला कळतं की आपण एकटे आहोत. मग कॅमेऱ्यात दिसलेली शांतता खरी की खाऊची, ते समजत नाही. भीती ओसरल्यावर चावायचं, चाटायचं खेळणं जरूर द्या. त्यात पीनट बटर भरणार असाल तर डब्यावरचं लेबल वाचा, झायलिटॉल असेल तर ते कुत्र्यांना विष आहे.

आणि कृपया पिंजऱ्यात कोंडू नका. लहानपणापासून पिंजऱ्याची सवय असलेली कुत्री त्यात आनंदाने झोपतात ते वेगळं. घाबरलेलं, सवय नसलेलं कुत्रं जाळीवर दात आणि नखं तोडून घेतं.

कडूनिंब

म्हणजे ऑफिसला जायचंच नाही का? पंधरा सेकंद, चाळीस सेकंद. माणसाला पोट असतं हो. पळवण्याचं मी म्हटलं त्याला कोणी उत्तर दिलं नाही.

शेपूटवाला

देतो. फिरवणं हवंच, ते कोणीच नाकारत नाहीये. पण तासभर पळवून रोज तेवढं पळणारा तगडा कुत्रा तयार होतो, भीती तिथेच राहते. निघण्याआधी धाप लागेपर्यंत पळवण्यापेक्षा रमतगमत हुंगू द्या. प्रत्येक खांब, प्रत्येक झुडूप. ड्युरांटन आणि हॉरोविट्झ यांच्या २०१९ च्या अभ्यासात दोन आठवडे वासाने शोधण्याचे खेळ खेळलेली कुत्री नंतरच्या चाचणीत जास्त आशावादी वागली. नुसतं मालकाच्या पायाशी चालायचा सराव केलेल्यांमध्ये तसा फरक पडला नाही. फिरून आल्यावर घरी पोचायला आणि तुम्ही निघायला मध्ये थोडा वेळ ठेवा, अंग थंड होऊ दे.

आता सोय. बऱ्याच कुत्र्यांना ठराविक माणूसच हवा असं नसतं, कोणीतरी हवं असतं. शेजारच्या काकू नुसत्या येऊन टीव्ही बघत बसल्या तर गुंडू शांत राहतो का, ते आधी तपासा. राहत असेल तर अर्धी लढाई जिंकलात. ऑफिसच्या वेळा अर्ध्या-अर्ध्या जुळवता येतात का, सासूबाई आठ-पंधरा दिवस उशिरा जाऊ शकतात का, कॉलेजात जाणारं कोणी घरात अभ्यासाला येऊन बसेल का. पैसे देऊन माणूस ठेवणार असाल तर पहिल्या दिवशी किल्ली हातात देऊन मोकळे होऊ नका. तुम्ही घरात असताना त्याला दोन-तीनदा येऊ द्या, पट्टा त्याच्या हातात द्या.

शेवटी घर रिकामं राहणारच असेल तर मध्ये कोणीतरी एकदा यावं. मोठं कुत्रं सहा-आठ तास शू धरू शकतं, पण धरू शकतं म्हणून धरायला लावावं असं नाही. चांगली बातमी अशी की शांत राहायला शिकलेलं प्रौढ कुत्रं दिवसातला निम्मा वेळ तसंही झोपूनच काढतं. स्वीडनमध्ये रेन आणि कीलिंग यांनी २०११ साली एकटेपणाचा त्रास नसलेली कुत्री अर्धा तास, दोन तास आणि चार तास घरी ठेवून बघितली. दोन तासांनी मालक आल्यावर अर्ध्या तासापेक्षा जास्त जोरात स्वागत झालं, पण दोन आणि चार तासांच्या स्वागतात फरक नव्हता.

निळीछत्री

माझाही प्रश्न इथेच टाकते. आमची नऊ वर्षांची आहे, मधुमेह आहे, रोज दोन वेळा इन्सुलिन. आता माझी ड्यूटी बदलून दुपारची होतेय. क्रम वगैरे ठीक, पण सुईची वेळ?

पांढराकोट

मी पशुवैद्य. निळीछत्री, तुमच्यासाठी वरचं सगळं बाजूला. तुमच्याकडे घड्याळच राजा.

इन्सुलिन सहसा बारा तासांच्या अंतराने, जेवणाबरोबर असतं. नव्या ड्यूटीतही जमतील अशा बारा तासांच्या दोन वेळा आधी शोधा, बऱ्याचदा एक पहाटे आणि एक संध्याकाळी अशी जोडी निघते. संध्याकाळी तुम्ही नसाल तर घरातल्या दुसऱ्या कोणाला सुई द्यायला शिकवा, ते वाटतं तितकं अवघड नाही. वेळ सरकवायची ती टप्प्याटप्प्याने, आणि टप्पे तुमच्या डॉक्टरांनी ठरवून दिलेले. सुई चुकली म्हणून पुढच्या वेळी दुप्पट कधीही नाही. जेवली नाही तर सुई देण्याआधी फोन. फिट्सच्या गोळ्या चालू असलेल्या कुत्र्यांचंही असंच, डोस चुकला की फिट येऊ शकते.

बाकीच्यांसाठी दोन गोष्टी. घराच्या वेळा बदलल्या आणि त्याच सुमाराला कुत्रं घरात शू करायला लागलं, तर लगेच 'बदलामुळे' म्हणू नका. पाणी जास्त पितंय का बघा. मूत्रमार्गाचा संसर्ग, मूत्रपिंड, मधुमेह, काहीही असू शकतं. म्हातारं कुत्रं रात्री जागून घरभर फिरतंय, भिंतीकडे बघत उभं राहतंय, कोपऱ्यात अडकून मागे वळता येत नाहीये, तर मेंदूच्या म्हातारपणाची शक्यता असते. वेळापत्रक सुधारून ते जाणार नाही, पण त्यावर बरंच काही करता येतं.

गुंडूसारख्याला महिनाभराच्या नेटाच्या सरावानेही काहीच फरक पडला नाही किंवा तो स्वतःला इजा करून घ्यायला लागला, तर औषधाला लाजू नका. फ्लुओक्झेटिन आणि क्लोमिप्रामिन ही औषधं यासाठी सरावाच्या जोडीने वापरली जातात. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि डोस तपासणी करूनच ठरतो. घरातली माणसांची गोळी तोडून देणं हा प्रकार मात्र नको. साध्या दुखण्याच्या आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉलनेही कुत्री दगावू शकतात.

भरकटलेला

वरच्या गंभीर चर्चेत माझा फुटकळ प्रश्न. नोकरीच्या दिवशी पहाटे साडेपाचला उठतो म्हणून सुट्टीच्या दिवशीही साडेपाचलाच भुंकून उठवतो. उपाय?

दोनपावली

शू लागलेली नाही याची खात्री करा, मग भुंकल्यावर उठू नका. आधी भुंकणं वाढेल. इतके दिवस चालणारी युक्ती चालेना म्हणून तो जोर लावून बघतो. नेमक्या त्या दिवशी वैतागून उठलात तर 'जास्त भुंकलं की उठतात' हे शिकवून बसाल. शेजाऱ्यांना आधी कल्पना देऊन ठेवा, आणि जाड पडदे लावा. अजून एक. उठल्या उठल्या जेवण देत असाल तर ते तोडा. उठणं, दात, चहा, फिरणं आणि मग जेवण. उठवल्याने लगेच काहीच मिळत नाही म्हटल्यावर निम्मा उत्साह जातो.

मोगरा

उशिरा अपडेट देतेय, सॉरी.

सासूबाईंनी जाणं पुढे ढकललं. शेजारच्या काकूंबरोबर गुंडू मस्त राहतो, म्हणजे त्याला माणूस हवंय, मीच हवी असं नाही. (किंचित वाईट वाटलं.) दुपारी त्या येऊन बसतात. जेवण टप्प्याटप्प्याने सरकलं, पिवळं ओकणं एकदाही नाही. किल्ल्यांकडे आता तो ढुंकूनही बघत नाही. बुटांचं मात्र अजून जमत नाही, नवऱ्याचे ऑफिसचे बूट दिसले की उठून उभा. दाराबाहेर मी जिन्यात बसते तेवढ्यात तो आता पुढच्या पायांवर हनुवटी टेकवतो. एकदा कुशीवर वळला, त्या दिवशी मी आणि काकूंनी जिन्यातच टाळी दिली. अजून तासाच्या बराच अलीकडे आहोत.

नवा प्रश्न. पुढच्या आठवड्यापासून नवऱ्याची नाईट. तो दिवसा घरात झोपलेला असणार. हे 'घरात कोणीतरी आहे' मध्ये मोजायचं का? आणि गुंडू त्याला झोपू देईल का?

रातराणी

मोजायचं, पण गुंडू काय मोजतो ते बघून. बेडरूमचं दार लावून झोपले तर काही कुत्र्यांना ते घरात असणं नसल्यासारखंच असतं, दाराशी रडत बसतात. त्याला खोलीत घेता येत असेल तर प्रश्नच मिटला. घेता येत नसेल तर नाईट सुरू व्हायच्या आधी, सासूबाई घरात असतानाच, दिवसा बेडरूमचं दार लावून आत थोडा वेळ पडून राहायची सवय करा. उंबरठाने सांगितलं तसंच, वरखाली वेळांनी.

झोपेचं म्हणाल तर मी नाईटहून आल्यावर आधी चिकूला फिरवते, हुंगू देते, तिला जेवण घालते आणि मग झोपते. उलट केलं की अर्ध्या झोपेत उठावं लागतं. नवऱ्याला आल्या आल्या पडायची सवय असेल तर तेवढी सकाळची फेरी तुम्ही ऑफिसला निघण्याआधी उरका, म्हणजे तो येईपर्यंत गुंडूचं पोट भरलेलं आणि फिरणं झालेलं असेल. दारावरची बेल काढून टाका किंवा बंद करा, कुरिअरवाल्याला फोन करायला सांगा. खिडकी रस्त्याकडे असेल तर पंखा मोठा ठेवा, त्या आवाजात बाहेरचं बरंच बुडतं. दोघांसाठीही.

बुटांचं: नवऱ्याला सांगा, सुट्टीच्या दिवशी ते बूट घालून घरात झाडांना पाणी घालू दे.